त्रेचाळीस नंबर

आमच्या गावात दाराशी फुटबॉलच्या बुटांचे दोन जोड दिसले, तर त्या घरात दोन खेळाडू राहतात असं समजू नये. एक जोड मैदानासाठी असतो आणि दुसरा मेंढ्यांसाठी. फेरो बेटांवरचं खरं गवत मेंढ्यांच्या मालकीचं आहे, माणसांनी हिरव्या गालिच्यावर खेळायचं. त्या मैदानाला आम्ही सरळ 'प्लास्टिक' म्हणतो. डोंगरावर तळाला लांब, धातूचे खिळे, म्हणजे स्टड असलेले बूट लागतात, नाहीतर ओल्या उतारावरून माणूस थेट समुद्रात. प्लास्टिकवर मात्र तळाला रबराच्या बारक्या गाठी असलेले बूट घालायचे. लांब स्टड गालिच्यात रुतून बसतात, पाय तिथेच राहतो आणि वरचं माणूस वळतं.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मेंढ्या खाली आणून मी तशीच सामन्याला उतरले, बूट बदलायचा कंटाळा केला. चेंडूमागे वळले तेव्हा माझ्या उजव्या गुडघ्यातून असा आवाज आला की समोरच्या गोलकीपरनेच आधी किंकाळी फोडली. "तुझी अक्कल गुडघ्यात होती, आता तीही गेली," असं माझा नवरा हानुस तेव्हा म्हणाला होता. दवाखान्यात म्हणाला म्हणून वाचला, नाहीतर मी उठून उत्तर दिलं असतं.

गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मी बाकावरही नाही, बाकाच्या मागे कुंपणापाशी उभी राहायला लागले. नेमकी त्याच सुमारास माझी मुलगी सोल्या संघात आली. मी उजव्या बाजूची बचावपटू, ती उजव्या बाजूची आक्रमक. म्हणजे मी चेंडू अडवायचा आणि पुढे तिला द्यायचा, अशी देवानेच लावून दिलेली जोडी. पण ती आत आणि मी बाहेर. दोन वर्षं मी कुंपणाला रेलून तिचा खेळ पाहिला. किती पळते, कुठे दमते, कुठपर्यंत पोचते, सगळं मला पाठ झालं होतं. आणि आता ती निघाली होती. जहाजाच्या इंजिनावर शिकाऊ म्हणून तिला काम मिळालं, सोमवारी डेन्मार्कला जाऊन जहाज पकडायचं. पुढची काही वर्षं ती घरी येणार ती पाहुण्यासारखी.

तिच्या निघण्याआधीच्या शनिवारी हंगामातला शेवटचा सामना होता, खाडीपलीकडच्या गावाशी. त्याच आठवड्यात मी राजधानीत, तोर्शाव्नला, माझ्या फिजिओथेरपिस्टकडे, लोनाकडे गेले. तिने गुडघा सगळीकडून वाकवून पाहिला.

"खेळ," ती म्हणाली. "पण गाठींच्या बुटात. ते डोंगरातले बूट घालून प्लास्टिकवर पाऊल टाकलंस ना रानवा, तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नकोस. सरळ सुताराकडे जा."

मी त्याच दिवशी परत येऊन गावातल्या दुकानात नवे बूट घेतले. काळे, गाठींचे, त्रेचाळीस नंबरचे. हो, त्रेचाळीस. हा धडधाकट पुरुषाचा नंबर आहे हे मला ठाऊक आहे, आणि दुकानातल्या माणसालाही ठाऊक आहे. "हानुससाठी का?" असं तो मला पंधरा वर्षं विचारत आलाय आणि पंधरा वर्षं स्वतःच हसत आलाय. हानुसचाही त्रेचाळीसच. लग्नात माझ्या दिराने भाषण केलं होतं की या दोघांना संसारात काही कमी पडलं तरी बूट पुरतील. मी सगळ्यांच्या वरताण हसले होते. हसतील त्यांचे दात दिसतील, असा माझा स्वभाव.

शुक्रवारी संध्याकाळी मेंढ्यांच्या मुकादमाचा फोन आला. उद्या डोंगरावर धुकं नाही, सगळ्यांनी पहाटे या, मेंढ्या खाली आणायच्या. आमच्याकडे लग्न पुढे ढकलता येतं, मेंढ्या नाही. हानुस अंधारातच उठला. मला झोपेत ऐकू आलं, दार, खुंटीवरच्या पिशवीचा खडखडाट, पुन्हा दार. मी कूस बदलली आणि मुलीबरोबर खेळायचं स्वप्न पाहत पडून राहिले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर गुडघ्याला पट्टा बांधूनच झोपले होते.

दुपारी मैदानाशी पोचले तेव्हा सगळा गाव कुंपणापाशी होता, पण मैदानाला पाठ करून. समोरच्या डोंगरावर मेंढ्यांची रांग दिसत होती आणि तिच्यामागे माणसांची. माझी मैत्रीण ओलुवा कॉफीचं आणि रुबार्बच्या केकचं दुकान मांडून बसली होती, तिच्या हातात दुर्बीण.

"रानवा, ये ये! असा तमाशा जन्मात बघितला नसशील," ती म्हणाली. "तो बघ, डावीकडचा. कोण आहे कळत नाही, पण सकाळपासून बसूनच उतरतोय."

मी दुर्बीण घेतली. एक माणूस उभा राहिला, दोन पावलं चालला, आणि पाय वर करून बुडावर घसरत गेला. मेंढ्यासुद्धा थांबून बघत होत्या.

"पितोय वाटतं," मी म्हणाले.

"अगं, पिणारे बरे चालतात."

तो पुन्हा उठला, पुन्हा पडला. मी इतकी हसले की केक घशात अडकला. "याच्या बायकोला दाखवा हो कुणीतरी!" असं मी मोठ्याने ओरडले, आणि सगळे हसले.

मग मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, पिशवी उघडली आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं. आत हानुसचे डोंगरातले बूट होते. लांब, धातूचे स्टड, मध्ये गेल्या वर्षीची मेंढीची लेंडी. दोन्ही जोड काळे, दोन्ही त्रेचाळीस, दोन्ही पिशव्या किराणा दुकानाच्या. माझे कोरे, गाठींचे, नाजूक बूट पायात घालून माझा नवरा डोंगर उतरत होता.

खोलीतून मी जे ओरडले ते छापण्यासारखं नाही.

आमचा प्रशिक्षक पोल धावत आला. पोल गावातला इलेक्ट्रिशियन आहे, प्रत्येक संकटावर त्याच्या खिशात पकड असते. "त्यात काय," तो म्हणाला, "स्टड पिळून काढू." त्याने सगळे स्टड काढले. मी सपाट तळ घेऊन ओल्या गालिच्यावर पाऊल टाकलं आणि तव्यावरच्या लोण्यासारखी घसरत गेले. ओलुवाने धरलं म्हणून बरं. स्टड पुन्हा बसवायचा प्रश्नच नव्हता. फाटकावर नवीन फलक होता, धातूचे स्टड घालून आत येणाऱ्याला नव्या गालिच्याचा खर्च पडेल. पंच प्रत्येकीचा तळवा उलटा करून बघत होता, घोड्याचा नाल बघावा तसा.

मग गावभर बूट शोधणं सुरू झालं. गोलकीपरने तिचे जादा बूट दिले, त्यात माझी टाच गेली तर बोटं बाहेर आणि बोटं गेली तर टाच. पाद्रीबुवा सामना बघायला आले होते, त्यांनी आपले पळायचे बूट काढून दिले, पंचेचाळीस नंबर. दोन लोकरी मोजे घालून मी ते चढवले, चार पावलं पळाले, आणि वळताना बूट डावीकडे गेला, मी उजवीकडे.

"माझ्या पायात कधी असं करत नाहीत," पाद्रीबुवा दुखावून म्हणाले.

"तुम्ही वळता कुठे?" ओलुवा म्हणाली. "तुमचा रस्ता सरळ."

सगळे हसत होते, मीही हसत होते, पण आतून मला रडू फुटायला आलं होतं. मला कप नको होता, पदक नको होतं. मुलीबरोबर एकदा, एकच सामना एका रंगाचा सदरा घालून खेळायचं होतं. आणि आडवा कोण आला, तर बूट. मी खोलीत जाऊन बाकावर बसले आणि अनवाणी पायांकडे बघत राहिले. एवढे मोठे पाय देवाने दिले, पण त्यांना बूट द्यायला विसरला.

सोल्या आत आली. दार लावलं. स्वतःच्या पिशवीतून तिने एक खोका काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

खोक्यात गाठींचे बूट होते, निळे, अगदी कोरे. मी तळवा उलटा केला. त्रेचाळीस.

"सोल्या! अगं माझ्यासाठी आणलेस? केव्हा?"

"तुझ्यासाठी नाही. माझे आहेत."

"दुकानदाराने नंबर चुकवला बघ. तुला एक्केचाळीस लागतो."

"चुकवला नाही," ती म्हणाली. "मी टपालाने मागवलेत. महिना झाला."

मला काही कळेना. ती माझ्यासमोर बसली, पायातले एक्केचाळीसचे बूट सोडले, मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. करंगळ्या आत वळलेल्या. टाचांवर चिकटपट्टी, त्याच्यावर आणखी एक चिकटपट्टी.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला माझ्या मुलीचे पाय अठराव्या वर्षी दिसले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं असतील."

"दोन वर्षं बोटं दुमडून पळतेस? का गं?"

"दुकानात जाऊन त्रेचाळीस मागायचा? आपल्याच दुकानात?" ती म्हणाली. "तो म्हणाला असता, हानुससाठी का? मग सगळे म्हणाले असते, रानवाचीच मुलगी. तुला चालतं आई, तू हसतेस. मला नाही येत तसं हसता."

मला राग आला आणि रडू आलं. माझं दोन्ही नेहमी एकदमच येतं. राग दुकानदारावर, दिरावर, त्या लग्नातल्या भाषणावर. आणि रडू, कारण मी कुंपणाला रेलून इतके दिवस काय बघत होते देव जाणे. तिच्या पळण्यातलं सगळं मला पाठ आहे म्हणत होते आणि तिचा पाय दुखतो एवढं दिसलं नव्हतं.

"आता रडू नकोस, उशीर होतोय," सोल्या म्हणाली. "घाल ते. तुझा गुडघा सांभाळायचाय. माझी एक दुपार आणखी निघेल, मला सवय आहे."

खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे गेला. एक बूट मी पायात घातलासुद्धा. असा बसला की पायाला घर मिळालं. बाहेर पंचाने शिट्टी वाजवली, सगळ्यांनी या म्हणून. मी उभी राहिले. समोर सोल्या त्या एक्केचाळीसमध्ये पाय कोंबत होती. ओठ दातांत धरून, डोळे मिटून, इतक्या सराईतपणे की रोज दात घासावेत तसं.

मी बूट काढला.

"हे तूच घालायचे."

"आई, मग तू कशी खेळणार?"

"तुझा बाप खाली येईल तेव्हा."

"आणि नाही आला वेळेत?"

"तर मी तुला बघेन. आजवर बघितलंय असं मला वाटत होतं, आता खरंच बघेन."

"पण आपल्याला एकत्र—"

"सोल्या, तू हे बूट घातले नाहीस तर मी बाहेर जाऊन भोंग्यावर तुझा नंबर सांगेन."

मी हे करेन याबद्दल तिला शंका नव्हती. तिने निळे बूट घातले, उभी राहिली, बोटं हलवून पाहिली, आणि तिच्या तोंडून लहान मुलासारखा "आ" निघाला.

सामना सुरू झाला आणि मी बाकावर बसले, एक डोळा मैदानावर, एक डोंगरावर. मेंढ्या निम्म्या उतरल्या होत्या. वाटलं, मध्यंतरापर्यंत येतील. तेवढ्यात डाव्या टोकाचा तो माणूस, ज्याची बायको आता हसत नव्हती, पुन्हा आपटला. त्याच्या जागेतून एक मेंढा निसटला, त्याच्यामागे सगळा कळप, आणि सगळी रांग शिव्या घालत पुन्हा वर गेली.

"हानुस, मेल्या, उभा राहा!" मी ओरडले. डोंगर कुठे, मी कुठे, पण पंचाने मला ताकीद दिली.

मध्यंतर गेलं. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता. ओलुवा दुर्बिणीतून धावतं वर्णन करत होती. "वळणापाशी आले. पडला. उठला. पुन्हा पडला. आता गडगडतच येतोय, ते बरं, लवकर येईल." पोल माझ्याकडे बघायचं टाळत होता. मीही घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

शेवटी मेंढ्यांचा आवाज आधी आला, मग मेंढ्या आल्या. मैदानाच्या कुंपणालगतच्या वाटेने त्या कोंडवाड्याकडे निघाल्या, आणि सर्वांत मागून हानुस, केसांपासून ढोपरापर्यंत चिखलाने माखलेला.

"हे बूट आहेत की साबणाच्या वड्या?" तो लांबूनच ओरडला. "कुठल्या गाढवाने असे बूट काढलेत?"

"ते माझे आहेत, गाढवा! काढ!"

तो थबकला, खाली पायांकडे बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला इतक्या लवकर काही समजताना पाहिलं नव्हतं. तो तिथेच वाटेत बसला, मेंढ्या गेल्या त्या गेल्या, आणि नाड्या ओढतच बूट काढले. ओलुवाने कॉफीचं गरम पाणी बादलीत ओतलं. एक बूट तिने घासला, एक पाद्रीबुवांनी. गाठींमधला चिखल पोलने पकडीच्या टोकाने उकरला. पंच आला, तळवे पाहिले, वास घेतला, नाक मुरडलं आणि मान हलवली. बूट ओले, उबदार आणि मेंढीच्या वासाचे होते. मी आत धावले.

फार वेळ उरला नव्हता. मी उजव्या बाजूला माझ्या जागेवर उभी राहिले. दोन वर्षांनी पाय पुन्हा त्या गालिच्यावर होते. मी हळूच वळून पाहिलं. पायही वळला, गुडघाही वळला, सगळं मिळून वळलं.

"आई!" सोल्याने पुढून हात केला.

पहिला चेंडू मी अडवला आणि तिला दिला. ती कुठे पोचते हे मला पाठच होतं. पण चेंडू तिच्या मागे पडला. तिला थांबून परत यावं लागलं आणि पल्याडच्या मुलीने तो नेला. वाटलं, पाय बसला नाही अजून. दुसरा दिला, तोही मागेच पडला.

"रानवा, ती पुढे आहे!" पोल ओरडला. "पुढे बघ!"

तेव्हा मला समजलं. मी चेंडू देत होते तो काळ्या नखांच्या मुलीला. ती मुलगी तिथे नव्हतीच. ही दुसरी कुणीतरी पूर्ण पावलं टाकत पळत होती, आणि मी तिला याआधी कधी पाहिलेलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी सगळा जीव लावून लाथ मारली. चेंडू पायातून सुटताच वाटलं, गेला, हा आता समुद्रातच. बाकावरून "अरेरे" ऐकू आलं. सोल्याने मान खाली घातली आणि पळाली. निळे बूट गालिच्यावर टपटप वाजत होते. चेंडू रेषेबाहेर जाणार तोच तिने तो गाठला, आत वळली आणि असा हाणला की गोलाचा खांब घंटेसारखा वाजला.

गोल झाला नाही. सगळ्या गावाने डोक्याला हात लावला. हानुस अनवाणी कुंपणावर चढला होता तो खाली पडला, पण आता त्याला सवय होती.

सोल्या तिकडे दूर उभी होती, केस तोंडात गेलेले, धापा टाकत, आणि हसत होती. तिने दोन्ही हात वर करून मैदानाच्या त्या टोकाकडे दाखवलं.

"अजून पुढे, आई!" ती ओरडली. "अजून पुढे टाक!"

चेंडू फिरून माझ्याकडे आला. ती कुठे आहे हे मी बघितलंच नाही. जिथे अजून कुणीच नव्हतं, तिथे मी तो टाकला.